दोन बोलींचे मूल आणि दुसऱ्याचे मन

पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासननिर्णय १६ एप्रिल २०२५ रोजी निघाला. १७ जून रोजी त्यातील 'अनिवार्य' हा शब्द जाऊन 'सर्वसाधारणपणे' हा शब्द आला. २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेण्यात येऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समितीची घोषणा झाली; आणि ५ जुलै रोजी, जवळजवळ वीस वर्षांच्या दुराव्यानंतर, दोन ठाकरे बंधू वरळीला एका व्यासपीठावर आले. या ऐंशी दिवसांत मराठीचा अभिमान, हिंदीचे आक्रमण, केंद्राचा हेतू आणि राज्याचे धोरण यांविषयी महाराष्ट्रात जे वाग्युद्ध झाले, ते व्हावयास हवेच होते. परंतु ज्याच्या पाठीवर ही तिसरी भाषा चढावयाची होती, त्या सहा वर्षांच्या मुलाविषयी बोलताना 'ओझे' या एका शब्दापलीकडे फारसे कोणी गेले नाही. विरोधक म्हणाले, ओझे होईल. समर्थक म्हणाले, होणार नाही. जणू भाषा म्हणजे दप्तरात टाकावयाचे पुस्तक आहे, आणि प्रश्न काय तो त्याच्या वजनाचा!

आमच्या मते प्रश्न वजनाचा नाही. दोन भाषांत वाढणारे मूल केवळ दोन शब्दकोश पाठ करीत नसते. आपल्याला जे ठाऊक आहे ते समोरच्याला ठाऊक असेलच असे नाही, ही गोष्ट ते रोज, घटकेघटकेला शिकत असते. हे शिक्षण कोठे मिळते, कशाने मिळते आणि ते बंद कशाने पडते, याचा विचार त्या ऐंशी दिवसांत राहून गेला. तो करावयाचा तर मंत्रालयापेक्षा आमच्या खांदेश्वरास आलेले बरे.

हार्बर मार्गावर मानसरोवर आणि पनवेल यांच्या मध्ये हे स्थानक आहे. महादेवाच्या जुन्या देवस्थानावरून त्यास नाव मिळाले. एका अंगास खांदा वसाहत व नवीन पनवेल, दुसऱ्या अंगास कामोठे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली तेव्हा हा सारा मुलूख भाताच्या खाचरांचा, मिठागरांचा आणि खाडीचा होता, आणि येथील बोली आगरी होती. ठाणे आणि त्या वेळचा कुलाबा या दोन जिल्ह्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनींवर नवे शहर उभे राहिले. त्या जमिनींच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत जे आंदोलन झाले, त्यात पाच शेतकरी गोळीबारात बळी पडले. पुढे घाटावरून सातारा-सांगलीची माणसे आली, कोकणातून आली, केरळातून, गुजरातेतून, उत्तर प्रदेश-बिहारातून आली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेलची महानगरपालिका झाली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी शेजारच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्या विमानतळासाठी दहा गावे उठली. येथील एका इमारतीच्या एका जिन्यावर चार-पाच भाषा चढतात आणि उतरतात, त्या अशा इतिहासातून आल्या आहेत. ही विविधता कोणी कौतुकाने मांडलेली नाही. पुष्कळांनी तिची किंमत मोजली आहे, हे प्रथमच सांगितलेले बरे.

अशाच एका इमारतीच्या अंगणात मध्यंतरी आमच्या कानांवर पडलेले एक संभाषण येथे सांगतो. पाच वर्षांची मराठी मुलगी, तिची साताऱ्याकडची आजी, आणि शेजारच्या घरात नुकत्याच केरळहून आलेल्या एक वृद्ध बाई. आजींना शेजारणीचे चहाला बोलावणे करावयाचे होते. त्यांनी मराठीत बोलावले. बाई नुसत्या हसल्या. आजींनी तेच वाक्य अधिक मोठ्या आवाजात सांगितले. बाई पुन्हा हसल्या. तिसऱ्या वेळी आजींचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत गेला तेव्हा नात म्हणाली, "अगं आजी, मोठ्याने बोललीस म्हणून त्यांना कळणार आहे का? त्यांना ते शब्दच ठाऊक नाहीत." आणि मग तिने त्या बाईंचा हात धरला, कपाने पिण्याची खूण केली व आपल्या घराकडे बोट दाखविले. चहा झाला.

आजींस साठ वर्षे माणसांत काढल्याचा अनुभव होता; नातीस पाचच वर्षांचा. तथापि समोरच्याच्या डोक्यात कोणती वस्तू आहे आणि कोणती नाही, याचा हिशेब नातीने अधिक अचूक केला. आजींचा दोष नाही. ज्या गावात सर्वांस एकच भाषा येते तेथे न कळण्याची कारणे दोनच असतात, एक तर माणूस बहिरा असतो किंवा त्याला ऐकावयाचे नसते. आणि दोहोंवर आवाज चढविणे हाच उपाय असतो. नातीस तिसरे कारण ठाऊक होते.

मानसशास्त्रज्ञांनी या जाणिवेचा चाळीस-पंचेचाळीस वर्षे कसून अभ्यास केला आहे. पतंजलीने परचित्तज्ञान योग्याच्या सिद्धींत घातले. परंतु त्याची पहिली पायरी प्रत्येक मूल चौथ्या-पाचव्या वर्षी, कोणताही योग न साधता, चढून जाते असे दिसते. हायन्झ विमर आणि जोसेफ पर्नर या दोघांनी १९८३ साली लहान मुलांस एक गोष्ट सांगितली. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळावयास जातो. त्याच्या मागे आई ते दुसऱ्या कपाटात हलविते. मॅक्सी परत आल्यावर चॉकलेट कोठे शोधील? तीन वर्षांचे मूल बहुधा ठामपणे सांगते, दुसऱ्या कपाटात; कारण चॉकलेट तेथे आहे हे त्याला स्वतःला ठाऊक असते, आणि आपल्याला ठाऊक ते सर्वांस ठाऊक असा त्याचा समज असतो. चौथे सरून पाचवे लागता लागता उत्तर बदलते. मॅक्सी पहिल्या कपाटाशी जाईल, कारण त्याने पाहिलेच नाही, असे मूल म्हणू लागते. आपल्या डोक्यातील जग एक आणि मॅक्सीच्या डोक्यातील जग दुसरे, ही फाळणी त्याला उमगलेली असते. ज्यांना ती पन्नाशीतही उमगत नाही अशी माणसे सार्वजनिक जीवनात आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. पण तो विषय निराळा.

आता, ही उमज दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांस लवकर येते काय? आग्नेश कोवाच या संशोधिकेने रुमानियन आणि हंगेरियन अशा दोन भाषांत वाढणाऱ्या तीन वर्षांच्या मुलांची तुलना केवळ रुमानियन बोलणाऱ्या मुलांशी केली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत द्विभाषिक मुले अशा कसोट्यांत सरस ठरली. त्याहून आम्हांस मोलाचा वाटला तो शिकागो विद्यापीठातील प्रयोग. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. चार ते सहा वर्षांची बहात्तर मुले. त्यांचे तीन गट. पहिल्या गटातील मुलांस एकच भाषा येई आणि एकच कानी पडे. दुसऱ्या गटातील मुले सफाईने दोन भाषा बोलत. तिसऱ्या गटातील मुलांस दुसरी भाषा बोलता येत नव्हती, पण ती त्यांच्या कानांवर नित्य पडत असे. कोणाची आजी ती बोले, कोणाचे शेजारी. मुलापुढे खणांची एक मांडणी होती. तीत लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन खेळातल्या मोटारी मुलास दिसत. पलीकडे बसलेल्या मोठ्या माणसास मात्र त्यांतील सर्वांत लहान मोटार आडोशामुळे दिसत नसे. ते माणूस म्हणे, "मला लहान मोटार दिसते आहे, ती सरकव." येथे समंजस मुलाने मध्यम मोटार हलवावयास हवी, कारण पलीकडून पाहणाऱ्यास तीच लहान दिसणार. एकभाषी मुलांनी साधारण निम्म्या वेळा बरोबर मोटार हलविली. द्विभाषिक मुलांनी चारांत तीन वेळा. आणि ज्यांच्या केवळ कानांवर दुसरी भाषा पडत होती, त्यांनीही चारांत तीन वेळाच!

या शेवटच्या गटाकडे वाचकांनी नीट लक्ष द्यावे. त्या मुलांना दुसरी भाषा 'येत' नव्हती. परीक्षेस बसविली असती तर ती नापास झाली असती. त्यांचा लाभ व्याकरणाचा नव्हता, शब्दसंपत्तीचाही नव्हता. कोण कोणाशी काय बोलतो, कोणास काय कळते, आजी बोलते ते बाबांना समजते पण शेजारच्या काकांना नाही, या रोजच्या निरीक्षणाचा तो लाभ होता. म्हणजे मुलास शहाणे करणारी वस्तू दुसरी भाषा ही नसून ती भाषा बोलणारे दुसरे माणूस ही आहे, असा आम्ही त्या प्रयोगाचा अर्थ लावतो.

येथे एक सावधगिरीचा शब्द. द्विभाषिकतेच्या लाभांविषयी मधल्या काळात जी जाहिरातबाजी झाली, तिच्यावर आमचा विश्वास नाही. दोन भाषांमुळे मुलाची एकाग्रता वाढते, बुद्धी तल्लख होते, असे सांगणारे पुष्कळ लेख निघाले आणि त्यांवर महागड्या शाळांनी आपली माहितीपत्रके सजविली. पुढे २०१९ साली अमेरिकेतील साडेचार हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासण्यात आली तेव्हा मनाच्या नियंत्रणशक्तीत एकभाषी व द्विभाषी मुलांत असा काही सरस-निरसपणा आढळला नाही. दुसऱ्याचे मन जाणण्याच्या बाबतीत पुरावा त्यापेक्षा बरा आहे, परंतु तोही मध्यमच म्हणावा लागेल. बहात्तर मुलांवर कोणी वेद रचू नये. आणि एकच भाषा बोलणारे मूल आपमतलबी निपजते असे तर मुळीच नाही. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत एकाच बोलीत आयुष्य काढलेल्या, पण दारी आलेल्याची भूक त्याच्या चेहऱ्यावरून ओळखणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या आहेत.

उलट बाजूचा अतिरेक मात्र याहून जुना आणि याहून घातक. १९२३ साली वेल्समधील डी. जे. सेअर या गृहस्थांनी खेड्यांतील द्विभाषिक मुलांची बुद्धी मोजली आणि दोन भाषांनी मुलांच्या मनाचा गोंधळ उडतो असा निर्णय देऊन टाकला. गरीब खेडूत मुलांची तुलना सुस्थितीतील मुलांशी केली म्हणजे दोष भाषेच्या माथी मारता येतो, ही साधी गोष्ट सुटी करावयास जवळजवळ चाळीस वर्षे गेली. १९६२ साली एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी माँट्रियलमधील दहा वर्षांच्या मुलांची, आर्थिक स्थिती सारखी राखून, तुलना केली तेव्हा पारडे द्विभाषिकांच्या बाजूस झुकले. आपल्याकडे हेच काम अजित मोहंती यांनी ओरिसातील कोंध आदिवासींत केले. त्या जमातीचा काही भाग आपली कुई भाषा टिकवून उडियाही बोलतो. काही भागातून कुई नाहीशी होऊन केवळ उडिया उरली आहे. जमात एक, दारिद्र्य एक, चालीरीती एक. फरक एवढाच की एका मुलास दोन भाषा, दुसऱ्यास एक. ज्यांनी आजीची भाषा राखली ती मुले भाषेविषयीच्या जाणिवेत आणि बुद्धीच्या कित्येक कसोट्यांत पुढे निघाली. आमच्या पनवेल तालुक्यात कर्नाळ्याच्या डोंगराकडेने कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. तेथील मुलांस घरची बोली शाळेच्या दारात टाकून यावयास लावणे हा शिक्षणाचा भाग आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी मोहंतींचे हे काम वाचावे.

परंतु वाडीवर कशाला जावयाचे? प्रस्तुत लेखकाने संपादकाच्या खुर्चीत बसण्यापूर्वी काही वर्षे शाळेत मराठी शिकविले आहे. त्या वेळची एक गोष्ट आजही सलते. वर्गात एक आगरी मुलगा होता. वाचताना तो गाडीस 'गारी' म्हणे, काळ्यास 'काला' म्हणे. आगरी बोलीत वडीलधाऱ्यांसही एकेरी संबोधण्याची चाल आहे. पहिल्या आठवड्यात त्याने आम्हांसही एकेरीच हाक मारली. वर्ग हसला. आम्ही हसलो नाही, पण त्याहून वाईट केले: 'शुद्ध बोल' असे बजावले. महिन्याभरात तो 'गाडी' म्हणू लागला, 'सर, तुम्ही' म्हणू लागला, आणि हळूहळू काहीच म्हणेनासा झाला. त्याची आई एकदा फी भरावयास आली तेव्हा तो तिच्याशी ओसंडून आगरीत बोलत होता आणि मान वळवून आम्हांस त्याचा तात्पर्यार्थ आमच्या मराठीत सांगत होता. आईला शाळेचे शब्द कळणार नाहीत, मास्तरला घरचे रुचणार नाहीत, हे दोन्ही ओळखून तो बारा वर्षांचा मुलगा दुभाष्याचे काम करीत होता. आम्ही त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'भाषा: सुधारणा आवश्यक' असा शेरा लिहिला. ज्यास दोन भाषा येत होत्या त्याची आम्ही एक वाईट भाषा मोजली. तो शेरा वस्तुतः आमच्यासंबंधीचा होता.

दुभाषा हा मान या रायगड जिल्ह्यास नवा नाही. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हा त्याच्याबरोबर नारायण शेणवी हा दुभाषा होता. दुभाषाचे कसब शब्दाला शब्द देण्यात नसते. या बाजूस काय ठाऊक आहे, त्या बाजूस काय ठाऊक नाही, कोणती गोष्ट सांगितल्याने राग येईल आणि कोणती न सांगितल्याने घोटाळा होईल, या दोन्ही मनांचा जमाखर्च त्यास एकाच वेळी ठेवावा लागतो. आज खांदेश्वरच्या कित्येक घरांतून सात-आठ वर्षांची पोरे हे काम विनावेतन करीत आहेत: गावाहून आलेल्या आजोबांना बँकेत, आईला दवाखान्यात, वडिलांना भाड्याच्या घराच्या दलालाकडे.

आणि आमची मराठी भाषा या कामी मुलाच्या हाती कसली हत्यारे देते ते पाहावे. मराठी मुलास 'आपण जाऊ' आणि 'आम्ही जाऊ' यांत निवड करावी लागते. ऐकणारा बरोबर येणार असेल तर 'आपण', नसेल तर 'आम्ही'. तीन-चार वर्षांचे मूलही वाक्य उच्चारण्यापूर्वी समोरच्यास आत घेते किंवा बाहेर ठेवते. गुजरातीत हा भेद आहे, तामिळ, तेलुगू आणि मलयाळम् या भाषांतही आहे; हिंदीच्या 'हम'मध्ये नाही, इंग्रजीत नाही. तेव्हा खांदेश्वरचे मूल मराठीतून हिंदीत शिरताना एक दार हरवते आणि 'अपन लोग' असे मुंबईचे हिंदी बोलून ते पुन्हा बसवून घेते. (या अग्रलेखातील 'आम्ही' हा वाचकास बाहेर ठेवणारा आहे, हे आम्ही जाणून आहो. संपादकांची ती जुनी खोड आहे.) तसेच आमचे 'म्हणे'. 'पाहुणे आले' आणि 'पाहुणे आले म्हणे' यांत मी पाहिले की कोणी सांगितले, याचा निवाडा त्या एका शब्दात होतो. 'मला वाटले दुकान उघडे असेल' असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा दुकान बंद होते हे निराळे सांगावे लागत नाही. मॅक्सीची सारी गोष्ट त्या 'वाटले'मध्ये आहे. प्रत्येक भाषेची अशी काही हत्यारे असतात, आणि दोन भाषा जाणणाऱ्या मुलास एकीत आहे ते दुसरीत नाही याचा शोध लागतो.

असे असता आम्ही काय करीत आहो? येथील मराठी आईबापांनी गेल्या पंचवीस वर्षांत मुलांस इंग्रजी माध्यमात घातले, याबद्दल आम्ही त्यांस दोष देत नाही. पोटाची भाषा कोणती हे त्यांनी अनुभवाने ओळखले आहे. दोष आहे तो पुढच्या पावलाचा. बालवाडीच्या मुलाखतीसाठी घरात इंग्रजीच बोला असा सल्ला मिळतो. आईबाप आपल्याला धड न येणाऱ्या भाषेत मुलाशी बोलू लागतात. आजीला सांगण्यात येते, तुम्ही मध्ये मराठी बोलू नका, त्याचा गोंधळ होतो. वेल्सच्या सेअरसाहेबांचे १९२३ सालचे भूत असे कामोठ्याच्या सहाव्या मजल्यावर येऊन राहिले आहे! परिणाम असा की घरातील ज्या एका माणसाजवळ गोष्टी सांगावयास वेळ होता, तेच माणूस मुके होते. मूल द्विभाषिक होण्याऐवजी एकभाषी होते, आणि तेही अशा भाषेत की जीत त्याला रागवावयास, समजूत घालावयास, थापा मारावयास घरात कोणी जाणते नाही. थापा हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरला आहे. दुसऱ्याच्या मनात खोटी समजूत उभी करण्यासाठी आधी त्याचे मन कळावे लागते.

पहिलीपासूनच्या हिंदीसक्तीस आमचा विरोध होता आणि आहे, तो याच कारणास्तव. हिंदीशी आमचे वैर नाही. खांदेश्वरच्या मुलाला हिंदी भाजीवाल्याकडून, रिक्षावाल्याकडून, वरच्या मजल्यावरील मित्राकडून आधीच मिळालेली असते, आणि ती माणसांसकट मिळालेली असते. तिचेच पाठ्यपुस्तक करून सहाव्या वर्षी तिच्यावर गुण ठेवले की ती माणूस सोडते आणि विषय होते. आणि भंडारा-गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाड्यावस्त्यांवर, जेथे मुलाची घरची बोली गोंडी, भिली, कातकरी किंवा मालवणी आहे, तेथे शाळेतील मराठी हीच दुसरी भाषा असते. त्या मुलास तिसरी आणि चौथी देण्याआधी पहिलीस वर्गात जागा द्यावयास नको काय?

पण विजयमेळाव्याच्या उत्साहात मराठीकैवाऱ्यांनी जे केले त्याचेही समर्थन आम्ही करणार नाही. त्याच सुमारास मीरा रोड येथे मराठी न बोलल्यावरून एका खाद्यविक्रेत्यास मारहाण झाली. चपराक खाऊन मनुष्य चार शब्द शिकेलही. पण ज्याने मारले त्याच्या मनात काय आहे हे जाणण्याची इच्छा त्यास पुन्हा होणार नाही, आणि त्याच्या मुलास तर नाहीच. दुसऱ्या बाजूने, वीस-पंचवीस वर्षे येथे राहून ज्यांनी मराठीचे एक वाक्य कानाआड केले, त्यांनी महाराष्ट्राचे काय बिघडविले तो हिशेब बाजूस ठेवू. आपल्याच मुलांचे काय बुडविले ते त्यांनी पाहावे. शिकागोच्या त्या मुलांस नुसते कानांवर पडण्याचा लाभ झाला होता. येथे मराठी जिन्यावर फुकट मिळते. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांतून मराठी अनिवार्य झाली आहे. तथापि आठवड्यातील काही तासिकांपेक्षा शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरातील एक तास या कामी अधिक उपयोगी पडेल. अडचण अशी की ती दारेच बंद होत चालली आहेत. मोठ्या संकुलांतून अमुक खाणाऱ्यांना, अमुक बोलणाऱ्यांना घर न देण्याची कुजबुज वाढते आहे. ज्या इमारतीत एकच भाषा, तेथे मुलाच्या दृष्टीने खेडेच वसते. फक्त त्यास उद्वाहक असतो.

सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावाचा अभ्यास जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केला. त्या गावात कानडी, मराठी, उर्दू आणि तेलुगू शतकानुशतके शेजारी नांदल्या. शेजाराने भाषांचे व्याकरण इतके जवळ आले की एका भाषेतील वाक्यात शब्दाच्या जागी शब्द ठेवला की दुसरीतील वाक्य तयार व्हावे. परंतु जैन शेतकऱ्याने घरातील कानडी टाकली नाही, मुसलमानाने उर्दू टाकली नाही. चव्हाट्यावर एकमेकांचे, घरात आपापले. जातीपातींच्या भिंती त्या गावात होत्याच, आणि त्या आम्हांस नकोत. परंतु शेजाऱ्याची भाषा घेण्यासाठी आईची भाषा सोडावी लागते ही समजूत त्या गावाने कित्येक पिढ्या खोटी पाडली, एवढे खरे.

साने गुरुजींनी १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात आंतरभारतीची कल्पना मांडली, तिचा उल्लेख हल्ली समारंभापुरता होतो. ती कल्पना त्यांना व्यासपीठावर सुचलेली नव्हती. तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेतील सत्याग्रह्यांच्या संगतीत ते तामिळ शिकले आणि तेथेच कुरळ मराठीत आणण्याचे काम त्यांनी केले. अमळनेरच्या शाळामास्तराला तामिळ कोणत्याही अभ्यासक्रमाने सक्तीची केलेली नव्हती. शेजारच्या कोठडीतील माणसाच्या मनात काय आहे ते जाणण्याची ओढ त्यांना होती. आमच्या मुलांच्या शेजारच्या कोठड्या सुदैवाने सताड उघड्या आहेत.

तेव्हा जाधव समितीसारख्या समित्या त्रिभाषासूत्रावर काय सांगावयाचे ते सांगोत. पनवेल महानगरपालिकेस, येथील अंगणवाड्यांस आणि खाजगी शाळांस त्यासाठी थांबावयाचे कारण नाही. आठवड्यातून एक तास असा ठेवता येईल की ज्यात एखाद्याच्या आजीने आपल्या भाषेत, आगरीत, मलयाळममध्ये, भोजपुरीत, एक गोष्ट सांगावी आणि तिच्या नातवाने ती वर्गास आपल्या शब्दांत समजावून द्यावी. त्यास पुस्तक लागत नाही, परीक्षा लागत नाही, शासननिर्णय तर नाहीच. शिक्षकाने त्या तासास मागच्या बाकावर बसावे. आगरी मुलगा 'गारी' म्हणाला तर त्यास थांबवू नये. घरी काय म्हणतात आणि पुस्तकात काय म्हणतात, हे दोन्ही फळ्यावर लिहावे.

आणखी एक लहानशी गोष्ट. शाळाप्रवेशाच्या छापील अर्जात 'मातृभाषा' या शब्दापुढे सामान्यतः एकच रेघ असते. आई मराठी, वडील तेलुगू, सांभाळणारी मावशी आगरी आणि मित्र हिंदी असलेल्या मुलाचे आईबाप त्या रेघेपाशी घुटमळतात, आणि बहुधा शाळेला आवडेल ते लिहून मोकळे होतात. तेथे 'घरात कोण कोणती भाषा बोलते' असा प्रश्न छापावा आणि त्याखाली चार रेघा सोडाव्यात. शिक्षकास त्या मुलाविषयी पहिल्या दिवशी जे कळावयास हवे, त्यातील पुष्कळसे त्या चार रेघांत येईल. पुढील प्रवेशाचे अर्ज छापावयास जाण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी एवढा फरक करून घ्यावा.